म१२७ : सव्वाशे पायऱ्यांच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार, वाई

संख्या आधी एकदा पूर्ण लिहून ठेवते, कारण पुढचे दोन महिने तिच्याशीच गाठ आहे.

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

३९ अंक. दोनाला दोनाने गुणत १२७ व्या घातापर्यंत जायचं आणि त्यातून १ वजा करायचा, की ही मिळते. घातासाठी वहीत ^ हे चिन्ह वापरते, म्हणजे २^१२७ − १. मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली अशा संख्यांची यादी दिली होती, त्याच्या आद्याक्षरावरून आम्ही तिला म१२७ म्हणायचं ठरवलं. ती मूळ संख्या आहे हे एदुआर ल्युका याने १८७६ साली, कोणतंही यंत्र न वापरता दाखवलं. निव्वळ हाताने सिद्ध झालेल्या मूळ संख्यांमध्ये हिच्याहून मोठी दुसरी नाही.

भाचीने हे वाचून दाखवल्यावर अण्णांनी एकच प्रश्न विचारला: "पण त्याने ते बरोबर केलं, हे कशावरून?"

तीस वर्षं पतसंस्थेचे हिशेब लिहिलेला माणूस दुसरं काय विचारणार! प्रकल्प तिथेच ठरला. ल्युकाची रीत समजून घ्यायची, लहान संख्यांवर हाताने चालवायची आणि म१२७ ची निदान एक खरी पायरी स्वतः करायची. उरलेल्या संगणकाकडे. शनिवार-रविवार मी पुण्याहून इथे येईन. भाची नववीत आहे, तिला दुपार मोकळी असते.

पहिलं काम अण्णांनी केलं: नवाचा ताळा. अंकांची बेरीज १५४, म्हणजे १०, म्हणजे १; संख्येला ९ ने भागल्यावरची बाकी हीच. दुसरीकडे २ च्या घातांना ९ ने भागलं की बाक्या सहा-सहाच्या फेऱ्याने परत येतात. १२७ ला ६ ने भागून १ उरतो, म्हणून २^१२७ ची बाकी २ आणि म१२७ ची १. जमला. संख्या वहीत बरोबर उतरली आहे.

८ जून, रविवार

भाचीचं म्हणणं सरळ होतं: "भाग घालून बघू ना, आत्या." आज तेच.

सगळ्याच संख्यांनी भाग घालावा लागत नाही. समजा मूळ संख्या प ही म१२७ ला निःशेष भागते. मग प ने भागल्यावर २^१२७ ची बाकी १ येते. १२७ स्वतः मूळ असल्यामुळे २ चे घात १२७ च्याच फेऱ्याने १ वर येतात, त्याआधी नाही. फर्माचं प्रमेय सांगतं की २^(प−१) ची बाकीही १ असते. म्हणून प−१ ला १२७ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणजे २५४ नेही. आणखी एक चाळणी: २^१२८ ची बाकी २ येते आणि २^१२८ हा पूर्ण वर्ग आहे, म्हणून ८ ने भागल्यावर प ची बाकी १ किंवा ७ च असू शकते.

म्हणजे उमेदवार २५४क + १ याच रूपाचे, आणि क ला ४ ने भागून ० किंवा १ उरला पाहिजे. भाचीने यादी केली. २५५ = ३×५×१७, बाद. १०१७ ला ३ ने भाग जातो. १२७१ = ३१×४१. २०३३ = १९×१०७. मग २२८७. त्याला ४७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जाईना, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. म१२७ ला विभाजक असलाच तर तो २२८७ पासून पुढे. त्याखालच्या सगळ्या संख्या एका दुपारी आणि म१२७ ला एकदाही भाग न घालता गेल्या.

२२८७ ने भाग जातो का, हे पाहायला ३९ अंकी भागाकार लागत नाही. घातांक १, ३, ७, १५, ३१, ६३, १२७ असा चढवायचा: दर वेळी वर्ग करायचा, दुप्पट करायची, २२८७ ने भागून बाकी ठेवायची.

२, ८, १२८, ७५०, २०८३, ९००, ८०४.

शेवटी १ यायला हवा होता, ८०४ आला. २२८७ बाद.

ही वर्ग-दुप्पट चढण आपल्याकडे फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचे एकूण प्रस्तार मोजायला हीच युक्ती सांगितली आहे: संख्या सम असेल तर अर्धी करा, विषम असेल तर एक कमी करा, आणि परत वर येताना अर्ध्याच्या जागी वर्ग, एकाच्या जागी दुप्पट. १२७ मध्ये प्रत्येक टप्प्याला आधी एक कमी आणि मग अर्धे, म्हणून चढताना सलग वर्ग-दुप्पट, वर्ग-दुप्पट. वृत्तांच्या हिशेबासाठी केलेली रीत इथे जशीच्या तशी कामाला आली याचा मला खूप आनंद झाला.

१४ जून, शनिवार

अण्णांनी आठवडाभरात या वाटेचा खर्च काढून ठेवला होता. म१२७ चं वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९. तिथपर्यंतचे चाळणीतून उरलेले उमेदवार सुमारे २.५७ × १०^१६. अण्णांनी लहानपणी पाठ केलेली परवचा म्हटली: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपले उमेदवार अडीच 'मध्य' भरतात. एका सेकंदाला एक तपासला तर ८१ कोटी वर्षं.

"आणि परार्धाच्या पुढे नावच नाही," अण्णा म्हणाले. परार्ध १८ अंकी, आपली संख्या ३९ अंकी.

तेव्हा ल्युकाने भाग घालून पाहिलेला नाही हे उघड आहे. मुळात त्याच्या रीतीत विभाजकाचा शोधच नाही. त्याच सुमारास त्याने २^६७ − १ ही संख्या संयुक्त असल्याचं दाखवलं. मर्सेनच्या यादीत ती मूळ म्हणून होती. ल्युकाच्या हातात मात्र तिचा एकही अवयव नव्हता. अवयव पुढे आले १९०३ साली. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल याने न्यूयॉर्कच्या सभेत फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून दाखवला आणि न बोलता जागेवर जाऊन बसला, असं सांगतात. भाचीने लगेच आपली चाळणी लावली: १९३७०७७२० ला १३४ ने भागलं, १४४५५८० आले, बाकी शून्य. चाळणी खरी.

१५ जून, रविवार

आजचा दिवस चिंचोक्यांचा.

ल्युका-लेहमर कसोटी बोलायला सोपी आहे. पहिलं पद ४. पुढचं पद काढायचं तर आधीच्या पदाचा वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांक १२७ असेल तर अशा १२५ पायऱ्या. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. (ल्युकाने १२७ साठी ३ पासून सुरुवात केली होती. ४ पासूनचं आजचं रूप डेरिक लेहमरने १९३० साली पक्कं केलं.)

लहान भावंड घेतलं: २^७ − १ = १२७. पाचच पायऱ्या.

४, १४, ६७, ४२, १११, ०.

कागदावर हे पाच मिनिटांत झालं. पण ३९ अंकी संख्यांचे वर्ग आणि त्यावर भागाकार, असं सव्वाशे वेळा? ल्युकाने यासाठी द्विमान पद्धत धरली आणि आकडेमोड बुद्धिबळासारख्या पटावर आणली: १२७ × १२७ घरं आणि त्यावर प्यादी. आम्ही ओसरीवर खडूने ७ × ७ चा पट आखला. आईच्या डब्यातले चिंचोके मिळाले.

स्तंभांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४. चिंचोका असला तर ती किंमत धरायची, नसला तर नाही. गंमत अशी की १२८ ला १२७ ने भागून १ उरतो. म्हणजे ६४ च्या घरातून डावीकडे पडलेला चिंचोका सरळ उजव्या टोकाला, १ च्या घरात येतो. भागाकार करावाच लागत नाही! पट जणू बांगडीसारखा वळवलेला आहे.

६७ चा वर्ग असा केला. ६७ म्हणजे ६४ + २ + १. पहिल्या ओळीत ६७ जसेच्या तसे. दुसऱ्या ओळीत एक घर सरकवून: ४, २ आणि ६४ चा चिंचोका वळून १ वर. तिसऱ्या ओळीत सहा घरं सरकवून: ६४, १ आणि ३२. एकूण नऊ चिंचोके. आता स्तंभ खाली ओढायचे: १ मध्ये तीन, २ मध्ये दोन, ४ मध्ये एक, ३२ मध्ये एक, ६४ मध्ये दोन. एका घरात दोन झाले की दोन्ही उचलायचे आणि शेजारच्या घरात एक ठेवायचा. हाच हातचा. शेवटी ४, ८ आणि ३२ च्या घरांत एकेक उरला, म्हणजे ४४. दोन वजा, ४२. कागदाशी जुळलं.

भाची थोडा वेळ पटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, १ गुणिले २ आणि २ गुणिले १ असे दोन-दोन सारखे चिंचोके येतायत. मग दोन ठेवून उचलण्यापेक्षा एकदम पुढच्या घरात एकच ठेवला तर?"

ठेवून पाहिलं. नऊऐवजी सहा चिंचोके, उत्तर तेच ४४. मोठ्या पटावर याने जवळजवळ निम्मं काम वाचेल. तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

२१ जून, शनिवार

पावसाने ओसरीवरचा पट धुऊन गेला. आज "शून्य आलं तर मूळ का?" हे अण्णांना पटेल असं मांडायचा प्रयत्न केला. दोनदा फसला, तिसऱ्यांदा जमला. पुन्हा लागेल म्हणून लिहून ठेवते.

२ + √३ ही संख्या घ्या. तिची जोडीदार २ − √३. दोघींचा गुणाकार १, बेरीज ४. दोघींचे वर्ग करून बेरीज केली तर १४. पुन्हा वर्ग करून बेरीज, १९४. आपली पदं म्हणजे या जोडीच्या वर्गांच्या वर्गांच्या बेरजा आहेत. वर्ग करून २ वजा का, तर जोडीचा गुणाकार नेहमी १, म्हणून बेरजेच्या वर्गात मधलं पद नेमकं २ येतं.

आता १२५ पायऱ्यांनंतर शून्य आलं असं समजा. त्याचा अर्थ असा निघतो की म१२७ च्या बाक्यांत (२ + √३) चा २^१२६ वा घात −१ आहे आणि २^१२७ वा घात १. म्हणजे ही संख्या स्वतःला गुणत गुणत १ वर परत यायला नेमके २^१२७ फेरे घेते, एकही कमी नाही.

समजा म१२७ संयुक्त आहे. मग तिचा सर्वांत लहान मूळ विभाजक प तिच्या वर्गमूळाहून मोठा नसणार, म्हणजे प^२ हा म१२७ पेक्षा मोठा नाही. सगळा हिशेब प च्या बाक्यांत करा. अ + ब√३ या रूपाच्या वेगवेगळ्या संख्या तिथे एकूण प^२, त्यातला शून्य सोडला तर प^२ − १. एवढ्याच जागा असताना २^१२७ लांबीचा फेरा बसणार कुठे? प^२ − १ ही संख्या २^१२७ पेक्षा लहान आहे. जागाच पुरत नाही. म्हणून असा प नाही.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे घरात चोर नाही हे घर न झडता सांगायचं. घर इतकं लहान आहे की तो मावणारच नाही."

मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. विभाजकाला हातही न लावता तो नसल्याचा पुरावा मिळतो. हे चालतं म१२७ च्या शेजारणीमुळे. म१२७ + १ म्हणजे नुसते दोनच दोन. शेजारच्या संख्येचे अवयव पूर्ण माहीत असले की मूळपणाचा पुरावा हाती येतो. कोणत्याही संख्येला लागू पडणारी, शेजाऱ्यांवर न विसंबणारी आणि वेळेची हमी देणारी कसोटी २००२ साली कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. तरी मर्सेन संख्यांसाठी आजही ल्युकाचीच वाट जवळची.

२८ जून, शनिवार

सराव. २^१३ − १ = ८१९१, अकरा पायऱ्या, कागदावर:

४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०.

शेवटून दुसरं पद १२८ पाहा. २ चा घातच आहे. हा योगायोग नाही. शेवटी शून्य यायचं तर त्याआधीच्या पदाच्या वर्गाची बाकी २ असायला हवी, आणि अशी पदं दोनच: २^७ किंवा त्याचं ऋण रूप. मागच्या उदाहरणातलं १११ म्हणजे १२७ वजा १६, तेही त्यातलंच. म१२७ साठी शेवटून दुसरं पद २^६४ किंवा त्याचं ऋण रूप निघालं पाहिजे.

उलट बाजूही तपासली. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९, संयुक्त. नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. कसोटी बरोबर बोलली, आणि तिच्या बोलण्यात २३ किंवा ८९ चा मागमूसही नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

म१२७ ची खरी पदं सुरू केली. पहिली काही लहानच असतात:

४
१४
१९४
३७६३४
१४१६३१७९५४
२००५९५६५४६८२२७४६११४

खिचडी खाऊन अण्णा या १९ अंकी संख्येचा वर्ग करायला बसले. चौकटीचा कागद, टोक केलेली पेन्सिल, प्रत्येक ओळीखाली रेघ. साडेतीन तास. मध्ये कोणी बोलायचं नाही.

उत्तर ३७ अंकी. नवाचा ताळा: १४ पासूनच्या प्रत्येक पदाची बाकी ५ यायला हवी, कारण ५ चा वर्ग उणे २ म्हणजे २३, म्हणजे पुन्हा ५. आली. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली.

१२ जुलै, शनिवार

ताळा जमला होता, तरी उत्तर चूक होतं.

कळलं अकराच्या ताळ्यामुळे. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं जात ११ ची बाकी काढायची. १४ पासूनची पदं इथे ३, ७, ३, ७ अशी आळीपाळीने यायला हवीत, कारण ३ चा वर्ग उणे २ सात, आणि ७ चा वर्ग उणे २ म्हणजे ४७, त्याची बाकी ३. आमच्या ३७ अंकी पदाला ७ हवा होता. आला नाही.

शोधलं तर शेवटची बेरीज स्वच्छ उतरवताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले होते. अंकांची अदलाबदल नवाला दिसत नाही, बेरीज तीच राहते. अकराला दिसते. अण्णांच्या मनाला ते फार लागलं. नोकरीत अशाच एका उलट्या जोडीपायी रात्री दहापर्यंत बसल्याचं त्यांनी सांगितलं, आणि तेव्हा फरक ९ ने भागला जातो का हे आधी बघायचे, हेही. नवाने भाग गेला की समजायचं, कुठेतरी अंक फिरले आहेत.

दुरुस्त पद: ४०२३८६१६६७७४१०३६०२२८२५६३५६५६१०२१००९९४. अंकांची बेरीज १४०, बाकी ५. अकराची बाकी ७. दोन्ही जमले.

यापुढे प्रत्येक पदाला दोन्ही ताळे. एकावर थांबायचं नाही.

१३ जुलै, रविवार

ल्युकाबद्दल थोडं. जन्म १८४२, आमियँचा. काही वर्षं पॅरिसच्या वेधशाळेत, फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात, नंतर शाळेत गणिताचा शिक्षक. १८८३ साली त्याने 'हनोईचा मनोरा' हे खेळणं बाजारात आणलं. खेळण्यासोबतची कथा मात्र काशीची आहे: तिथल्या देवळात तीन सुया, त्यांवर सोन्याच्या ६४ चकत्या, पुजारी त्या एकेक करून हलवतात. न चकत्या हलवायला कमीत कमी २^न − १ चाली लागतात. म्हणजे सात चकत्यांच्या मनोऱ्याला १२७ चाली, आणि १२७ चकत्यांच्या मनोऱ्याला नेमक्या म१२७ चाली. भाचीने हे ऐकून सात पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या आणि मोजत खेळली. चाली १२७ च भरल्या.

आता अण्णांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न. ल्युकाने म१२७ ची संपूर्ण आकडेमोड छापली नाही, आणि पुढच्या लिखाणात तो या निकालाविषयी सगळीकडे सारख्या खात्रीने बोलत नाही. सव्वाशे पायऱ्यांत कुठेही एक चिंचोका घसरला तर पुढचं सगळं वाया. पण मला इथे एक दिलासा दिसतो. चूक झाली असती तर शेवटी शून्य येण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. चुकीच्या वाटेने चालत जाऊन नेमक्या त्याच दारात पोचण्यासारखं आहे ते. "मूळ आहे" हा निकाल स्वतःच स्वतःचा ताळा आहे. "संयुक्त आहे" या निकालाला मात्र तसा आधार नाही. तो चुकूनही निघतो. ल्युका कशाने कचरला असेल ते असो, मला त्याच्या शून्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. १९१४ साली फोकेम्बर्गने पुन्हा हिशेब करून म१२७ मूळ असल्याचं कायम केलं.

मर्सेनच्या यादीत मात्र ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते.

२६ जुलै, शनिवार

गेला आठवडा आणि आज, दोन्ही पटावर गेले. आता खरी पायरी: ३७ अंकी पदाचा वर्ग, जो पहिल्यांदाच म१२७ च्या बाहेर सांडतो.

ओसरीवर १२७ × १२७ म्हणजे १६१२९ घरं मावत नाहीत. ए-३ आकाराचा मिलिमीटर आलेखाचा कागद आणला. घर २ मिलिमीटरचं धरलं की पट २५४ मिलिमीटरचा होतो, छान बसतो. चिंचोक्यांऐवजी टोकदार पेन्सिलीचे ठिपके. आधी ३७ अंकी संख्या द्विमानात आणायची: अर्धी करत जायची, विषम असेल तिथे १, सम असेल तिथे ०. अशी १२२ घरं भरली. अर्धं करण्याचं काम भाचीने आणि मी आळीपाळीने केलं, दर दहा ओळींना अण्णांचे दोन्ही ताळे.

भाचीची युक्ती वापरली. जोडीचे दोन ठिपके न मांडता एकच, एक घर पुढे.

अडचण ताळ्याची होती. ठिपका पटाच्या काठावरून वळून आला की आपण नकळत म१२७ च्या पटी वजा करतो, मग नवाची बाकी ५ राहत नाही. अण्णांनी यावर खतावणी काढली. काठ ओलांडणारा प्रत्येक ठिपका वेगळ्या वहीत नावे टाकायचा. जो ठिपका वळून ८ च्या घरात येतो त्याने आठ वेळा म१२७ वजा केले. म१२७ ची नवाची बाकी १, अकराची ६. शेवटी खतावणीची बेरीज करून ताळ्यातून वळती करायची. पटावरचं उत्तर आणि वहीची बाकी जुळली पाहिजे. जमाखर्च जुळवल्यासारखंच आहे ते.

पहिल्यांदा नाही जुळली. एका ओळीत काठावरचे दोन ठिपके वहीत चढले नव्हते. रात्री पावणेदहाला जुळली, नऊने आणि अकराने.

२ ऑगस्ट, शनिवार

आज संगणक. पायथॉनमध्ये सहा ओळी. मोठ्या पूर्णांकांसाठी वेगळं काही लागत नाही. आधी फक्त सातवी पायरी छापली आणि आमचं १२७ घरांचं उत्तर शेजारी धरलं. भाचीने एकेक घर बोटाने दाखवत वाचलं, अण्णांनी बरोबरची खूण केली. १२७ खुणा.

मग उरलेल्या पायऱ्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर संपल्या. शेवटून दुसऱ्या पदाचा वर्ग केला, बाकी २. शेवटचं पद ०.

आम्ही एक पायरी चढायला पंधरा दिवस घेतले. ल्युकापाशी आमच्यापेक्षा सराव कितीतरी जास्त, पण पायऱ्या सव्वाशे.

याच कसोटीने आजही काम चालतं. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ल्यूक ड्युरंटला सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या आहे, ४१०२४३२० अंकांची. तिच्यावरही शेवटी ही वर्ग-उणे-दोनची चढण चढवली गेली. आणि म१२७ स्वतः संगणकात रोज वावरते: १२८ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या तीच. तिच्या बाक्यांत हिशेब करायला भागाकार लागत नाही, नुसतं काठावरून वळवलं की झालं, म्हणून संकेतलेखनातही तिला मान आहे. ते वळवणं आम्ही चिंचोक्यांनी केलं होतं.

१० ऑगस्ट, रविवार

काम संपलं असं मी धरून चालले होते. सकाळी अण्णांनी नवा कागद पुढे केला.

२ वरून २^२ − १ = ३. ३ वरून २^३ − १ = ७. ७ वरून १२७. १२७ वरून म१२७. पाचही मूळ. मग २^म१२७ − १ चं काय?

त्या संख्येला सुमारे ५.१ × १०^३७ अंक आहेत. ती लिहिता येत नाही, तिच्यावर कसोटी चालवता येत नाही. ती मूळ आहे की नाही हे कोणालाही माहीत नाही. उरते फक्त ८ जूनची चाळणी: विभाजक असलाच तर तो २क × म१२७ + १ याच रूपाचा, क ला ४ ने भागून ० किंवा १ उरणारा.

अण्णांनी पहिले काही तपासले होते. क = १ घेतला तर २^१२८ − १, उघडच संयुक्त. क = ४ घेतला तर ३ ने भाग जातो. क = ५, म्हणजे दहापट अधिक एक: आपल्या संख्येच्या शेवटी नुसता १ जोडायचा. त्याला २९ ने भाग जातो. हे त्यांनी दोन वेगवेगळ्या रीतींनी काढलं होतं आणि दोन्ही कागदावर होत्या.

क = ८ मध्ये ३१ पर्यंतच्या कोणत्याच मूळ संख्येने भाग जात नाही. आत्ता ते ३७ चे घात काढत बसले आहेत. भाचीला पुन्हा चिंचोके हवे आहेत.